अकरा वेळा तात्पुरतं

आमच्या कारखान्यात दोन शब्द लिहायला बंदी होती: ‘माणसाची चूक’. बंदी मीच घातली होती आणि ती मोडायला निघालेली पहिली बाईही मीच. ती का मोडली नाही, याचं श्रेय माझी मुलगी, तिचा बारावीच्या दर्जाचा इतिहासाचा पेपर आणि शंभर वर्षांपूर्वीचा जर्मनी यांना वाटून द्यावं लागेल. आयर्लंडमधल्या औषधाच्या कारखान्यात जर्मनी कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

कारखाना लिमरिकपासून गाडीने वीस मिनिटांवर. नाव सांगत नाही, कारण पेन्शन त्यांच्याकडूनच येते. तिथे गोळ्या बनतात. बनवायचे दुसरे लोक. मी त्यांनी काय बिघडवलं ते शोधून काढायचे. ठरवून दिल्यापेक्षा काहीही वेगळं घडलं, यंत्र दोन मिनिटं बंद पडलं किंवा एखाद्या कागदावर सही राहिली, की आमच्या भाषेत ‘डेव्हिएशन’ झालं. मग त्याची चौकशी करायची, कारण शोधायचं आणि ते पुन्हा घडू नये याची तजवीज करायची. अंबरनाथला चौदा वर्षं आणि इथे वीस वर्षं मी हेच केलं. घरीही करते, असं माझे यजमान श्रीकांत म्हणतात. दूध उतू गेलं तर ते पुसायच्या आधी मी ‘का’ म्हणून विचारते, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

या धंद्यातला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ‘अमक्याने चूक केली, त्याला समज दिली’ असं लिहून फाइल बंद करणं. पाच ओळींत काम होतं, सगळे खूश होतात आणि पुढच्या महिन्यात तमका तीच चूक करतो. म्हणून मी विभागप्रमुख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते दोन शब्द हद्दपार केले.

एक नमुना सांगते. पॅकिंगच्या विभागात दर शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास हवेच्या दाबाचा भोंगा वाजायचा. तिथे आत जायला एकामागे एक दोन दारं असतात आणि दोन्ही एकदम उघडली की बाहेरची हवा आत येते, म्हणून भोंगा. माझ्या आधीच्या साहेबांनी सात वेळा ‘कर्मचाऱ्यांनी दार उघडं ठेवलं’ असं लिहून सात जणांना समज दिली होती. मी एका शुक्रवारी खुर्ची टाकून तिथे बसले. साडेदहाला आतले वीस जण एकदम उठले आणि दोन्ही दारांतून मुंबईकरांना शोभेल अशा वेगाने बाहेर पडले. चौकशीअंती कळलं की शुक्रवारी कँटीनमध्ये ताजे स्कोन मिळतात आणि पावणेअकरापर्यंत ऑफिसवाले ते संपवतात. स्कोन म्हणजे आपल्या खारीचा लठ्ठ, गोड चुलत भाऊ. मी अहवालात उपाय लिहिला: ‘दर शुक्रवारी पॅकिंग विभागासाठी वीस स्कोन बाजूला काढून ठेवणे.’ भोंगा कायमचा थांबला. पुढे सरकारी तपासनीस आले तेव्हा त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि तेही एक स्कोन खाऊन गेले.

तर अशी मी, माणसांना दोष न देणारी. आणि तरीही डेक्लनच्या बाबतीत मी घसरले.

डेक्लन हा पॅकिंगमधला जुना माणूस. वय अठ्ठावन्न, अंगाने आडवा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. इथे ‘ग्रँड’ म्हणजे ‘ठीक’, आणि त्याचं सगळंच ग्रँड असायचं. यंत्र कसं चाललंय? ग्रँड. तुझा गुडघा कसा आहे? ग्रँड. चौकशीत जबाब घ्यायला बसलं तरी पहिलं वाक्य ‘सगळं ग्रँड होतं, मेधा’. अरे, ग्रँड होतं तर आपण इथे कशाला बसलोय! माझं डोकं फिरायचं. त्यात मागच्या दोन वर्षांत त्याच्या नावावर दोन चुका लागल्या होत्या आणि दोन लेखी ताकिदी. तिसरी म्हणजे घरी.

आणि तिसरी झाली. एका औषधाचं पॅकिंग संपवून दुसरं सुरू करताना आधीच्या औषधाचा एकूण एक कागद, एकूण एक डबी यंत्राजवळून हलवायची असते. हे काम डेक्लनचं होतं. त्याने सगळं हलवलं, सही केली आणि यंत्र सुरू केलं. यंत्राखालच्या खणात मागच्या बाजूला आधीच्या औषधाच्या माहितीपत्रकांचं एक पुडकं अडकून राहिलं होतं. ते नव्या डब्यांत गेलं. शेवटच्या तपासणीत सापडलं आणि एकही डबी कारखान्याबाहेर पडली नाही, पण पडली असती तर कुणा आजारी माणसाने दुसऱ्याच औषधाच्या सूचना वाचून गोळ्या घेतल्या असत्या. आमच्या धंद्यात याहून वाईट फार थोडं असतं.

आमची कारखानाप्रमुख ऑर्ला ही डब्लिनहून नवीन आलेली, हुशार आणि घाईतली बाई. तीन आठवड्यांवर सरकारी तपासणी होती. ती म्हणाली, “मेधा, मंगळवारी डेक्लनची सुनावणी आहे. त्याच्या आत तुझा अहवाल हवा. कारण उघडच आहे, नाही का?”

मला नाही म्हणता आलं असतं. पण त्या आठवड्यात डेक्लनने जबाबात तीनदा ‘ग्रँड’ म्हटलं होतं. मी शुक्रवारी अहवाल लिहिला आणि कारण म्हणून ‘कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष’ असं लिहिलं. बंदी असलेले दोन शब्द टाळले, एवढीच काय ती हुशारी. अहवाल बॅगेत घालून घरी आणला, शनिवार-रविवार एकदा वाचून सोमवारी द्यायचा म्हणून.

रविवारी सकाळी सई स्वयंपाकघरात निबंध घेऊन आली. सई माझी मुलगी, उशिरा पण थाटात आलेली, तेव्हा सतरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते अस्सल लिमरिकच्या इंग्रजीत. त्या वर्षी इथली शाळेची शेवटची मोठी परीक्षा होती आणि इतिहासात तिला हुकूमशाह्यांचा काळ होता. निबंधाचा प्रश्न असा की, जर्मनीत लोकशाही का कोसळली.

मी वाचलं. सईच्या मते एक दुष्ट माणूस आला, तो छान भाषणं करायचा, लोक मूर्ख होते, ते फसले. तो माणूस म्हणजे छोट्या मिशीचा तो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, दिवाळी अंक घरात ठेवायचा असतो. माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला आणि मी समासात लिहिलं: ‘माणसाची चूक हे कारण नव्हे.’

“मम्, इट्स ॲन एसे, नॉट अ डेव्हिएशन,” सई म्हणाली.

“सगळं डेव्हिएशनच असतं,” मी म्हटलं. “दुष्ट माणसं प्रत्येक गावात दोन-चार असतात. त्यांना दार कुणी उघडून दिलं ते सांग.”

श्रीकांत पोहे परतत होते. ते म्हणाले, “सई, पळ. अजून वेळ गेलेली नाही.”

पण ती पळाली नाही. मी ख्रिसमसच्या भेटवस्तूंचा उरलेला कागद उलटा करून प्रेसच्या दारांवर चिकटवला. प्रेस म्हणजे इथल्या बोलीत कपाट. वीस वर्षांत माझ्याही तोंडी तेच बसलंय. कागदावर मी माशाचा सांगाडा काढला. ही आमची जुनी युक्ती: डोक्याच्या जागी जे घडलं ते लिहायचं आणि प्रत्येक काट्यावर एक-एक कारण. शाकाहारी घरात काढलेला तो एकमेव मासा.

सई पुस्तकातून सांगत गेली आणि मी काटे भरत गेले. हरलेलं महायुद्ध. ‘आपण हरलो नाही, घरच्यांनी दगा दिला’ ही अफवा, जी खुद्द हरलेल्या सेनापतींनीच पसरवली. अपमानाचा वाटलेला तह. मग नोटांची किंमत इतकी घसरली की लोक त्या घेऊन पावाला जाईपर्यंत पाव महाग व्हायचा.

“सो दॅट्स द कॉज,” सई म्हणाली.

“थांब. मग तो मिशीवाला तेव्हाच का नाही निवडून आला?”

तिने पानं उलटली. नोटांचा गोंधळ निस्तरला, त्यानंतर काही वर्षं बरी गेली आणि त्या वर्षांत त्याच्या पक्षाला कुणी विचारत नव्हतं. मग जगभर मंदी आली, कारखाने बंद पडले, लाखो माणसं बेकार झाली आणि मतं त्याच्याकडे धावली. तरी खुल्या निवडणुकीत त्याला निम्मी मतं कधीच मिळाली नाहीत, हे वाचून सई स्वतःच चकित झाली. त्याला खुर्चीवर बसवलं ते मोठमोठ्या, शिकल्यासवरलेल्या लोकांनी, आपण याला मुठीत ठेवू अशा खात्रीने. कम्युनिस्टांची भीती होती, ती वेगळीच.

“आता बघ,” मी म्हटलं, “हे सगळं असूनही संसद होती ना? कायदा होता ना? ती काय करत होती?”

सईने एक परिच्छेद शोधून मला समजावला. त्यांच्या राज्यघटनेत एक आणीबाणीचं कलम होतं. संकट आलं तर राष्ट्राध्यक्षाने संसदेची वाट न पाहता हुकूम काढायचा, तात्पुरता. पहिल्या राष्ट्राध्यक्षाने ते वापरलं ते लोकशाही वाचवायला. बंडं होत होती, संकट खरं होतं. मग ते पुन्हा वापरलं गेलं, पुन्हा वापरलं गेलं. मंदीच्या काळात बहुमत जमेना, तेव्हा सरकारं चालायचीच त्या कलमावर. मिशीवाला आला तोवर संसदेला न विचारता राज्य करायची सगळ्यांना सवय झालेली होती. त्याला नवीन काही शोधावं लागलं नाही.

मला हे फार आवडलं. मी फुशारकीने म्हटलं, “बघ, आमच्याकडे असलं चालत नाही. आमच्याकडेही अडचणीच्या वेळी नियमातून सूट देतात, पण ती लेखी असते, तिला मुदत असते. तात्पुरती म्हणजे तात्पुरती.”

“अँड कॅन यू एक्स्टेंड इट?”

“मुदतवाढ? मिळते. कारण खरं असेल तर.”

“हाऊ मेनी टाइम्स?”

किती वेळा याला आमच्याकडे मर्यादाच नव्हती. आणि त्याच क्षणी मला डेक्लनच्या यंत्राजवळचा एक कागद आठवला. पोहे तसेच राहिले.

कोविडच्या पहिल्या लाटेत आमची निम्मी माणसं आजारी होती. यंत्र रिकामं केल्याची तपासणी दोघांनी करायची असा नियम आहे: एकाने हलवायचं, दुसऱ्याने कोपरा न् कोपरा बघून सही करायची. माणसंच नव्हती, औषधं तर हवी होती. मी चार आठवड्यांसाठी सूट दिली होती, एकानेच बघावं म्हणून. ती सूट अजून चालू होती.

सोमवारी सकाळी मी फाइल काढली. मुदतवाढीचे अकरा कागद होते, दर तीन महिन्यांनी एक, आणि एकही एक दिवस उशिरा नाही. याचा मला अभिमान असायचा. मी फोनमध्ये आठवण लावून ठेवली होती! पहिल्या कागदावर पानभर कारण होतं आणि खाली चार सह्या. त्यासाठी आम्ही दोन तास भांडलो होतो. चौथ्यावर अर्धं पान. सातव्यावर तीन ओळी आणि दोन सह्या. अकराव्यावर लिहिलं होतं, ‘कारण पूर्वीप्रमाणेच’, आणि खाली मी एकटी. प्रत्येक कारण खरं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. आजारपण खरं, मग दोघं नोकरी सोडून गेले ते खरं, नवीन यंत्र आलं ते खरं, उन्हाळ्याच्या सुट्ट्या खऱ्या.

मग मी पॅकिंगच्या शिफ्टची वही मागवली. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर डेक्लनच्या गिचमिड अक्षरात एक ओळ होती: ‘यंत्राला डोळ्यांची दुसरी जोडी परत कधी मिळणार?’ त्याखाली माझं सुवाच्य उत्तर: ‘नोंद घेतली.’ पुढच्या वर्षी पुन्हा त्याची तीच ओळ, पुन्हा माझं तेच उत्तर. ज्या माणसाचं सगळं ग्रँड असतं त्याने दोनदा लेखी सांगितलं होतं की हे ग्रँड नाही. आणि मी त्याच्याच नावाने ‘दुर्लक्ष’ लिहून बसले होते. मला माझी लाज वाटली. त्या दोन आधीच्या चुकाही मी पुन्हा काढून पाहिल्या. एक त्याची होती, दुसरी याच सवलतीमुळे झालेली.

मी ऑर्लाकडे गेले आणि अहवाल बदलायचाय म्हणून सांगितलं. अकरा कागद टेबलावर मांडले.

तिने ते एकेक करून चाळले. “तपासणी येतेय, मेधा. तू स्वतःचं नाव घालणार आहेस यात?”

“अहवालात नावं घालत नाहीत, हुद्दा घालतात.”

“त्या हुद्द्यावर किती जण आहेत?”

“एकच आहे,” मी म्हटलं.

ऑर्ला हसली. इतक्या वर्षांत मी शेकडो लोकांना टेबलाच्या या बाजूला बसवलं होतं. तिथून खोली इतकी मोठी दिसते हे मला माहीत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “पाठव. तपासनीसांना आपल्याआधी सापडलं असतं तर आपली धडगत नव्हती.”

मंगळवारी डेक्लन सुनावणीला आला तो लग्नातला सूट घालून. सूटची बटणं पुढून लागत नव्हती. ऑर्लाने त्याला अहवाल वाचून दाखवला आणि नोकरी कायम असून आधीची एक ताकीदही मागे घेतल्याचं सांगितलं. (तो अर्थातच इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत देतेय.) बाहेर आल्यावर तो म्हणाला, “पुडकं मी बघायला हवं होतं, मेधा. ते माझंच.”

“हो,” मी म्हटलं, “आणि दुसरी जोडी मी परत द्यायला हवी होती.”

“मग ग्रँड,” तो म्हणाला. त्या दिवशी मला त्या शब्दाचा राग आला नाही.

शिक्षा दोघांनाही झाली: नियमांची उजळणी, परीक्षेसकट. तो अभ्यासक्रम मीच बनवलेला होता. माझ्याच हाताखालची मुलगी माझ्याच स्लाइड्स दाखवत होती आणि मी पहिल्या बाकावर डेक्लनशेजारी. त्याला वीसपैकी वीस मिळाले. मला एकोणीस, एक प्रश्न संदिग्ध होता आणि तो मीच काढलेला होता. डेक्लनने ही बातमी कँटीनपर्यंत माझ्याआधी पोचवली.

सईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती जरा रागावलीच. “मम्, मिलियन्स ऑफ पीपल डाइड. इट वॉज अ लीफलेट.” तिचं बरोबर आहे. माहितीपत्रकाचं पुडकं आणि तो नरसंहार यांना एका तराजूत घालायची माझी हिंमत नाही आणि कुणाची नसावी. मला फक्त तो एक काटा ओळखीचा वाटला, कारण त्यावर माझी सही होती. तिच्या निबंधाला चांगले गुण मिळाले. शिक्षिकेने शेरा दिला की युक्तिवाद उत्तम, माशाचे काटे कमी काढावेत.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. सूट फक्त दोनदा वाढवता येईल. तिसऱ्यांदा वाढवायची असेल तर प्रत्यक्ष यंत्रावर काम करणाऱ्या माणसाची सही हवी आणि ‘कारण पूर्वीप्रमाणेच’ हे शब्द चालणार नाहीत. सहीसाठी कामगारांनी डेक्लनला निवडलं. चष्मा नाकावर आणून तो प्रत्येक अर्ज अशा गांभीर्याने वाचायचा की ऑफिसातली पोरं अर्ज करण्याआधीच विचार बदलायची.

मग मी साठीची झाले. माझ्या जागी घेतलेला पुण्याचा मुलगा निखिल व्हिसात अडकला होता, म्हणून ऑर्लाने मला चार आठवडे थांबायला सांगितलं. नियमानुसार तोही तात्पुरत्या व्यवस्थेचाच अर्ज. थांबले. निखिल आला, पण त्याला घर मिळेना, एकदा वाढवलं. घर मिळालं, पण त्याला जुन्या फाइली समजावायच्या होत्या, पुन्हा वाढवलं. तिसऱ्या मुदतवाढीचा अर्ज मी स्वतः लिहिला आणि खाली जाऊन डेक्लनच्या हातात दिला. शेजारी निखिल यंत्रावरच्या लोकांबरोबर खणात वाकून काहीतरी बघत होता.

डेक्लनने चष्मा लावून सावकाश वाचलं. “नवीन पोरगा कसा आहे?”

“हुशार आहे. पण त्याला अजून...”

“मी विचारलं, कसा आहे?”

कारणं सगळी खरी होती आणि मला जायचं नव्हतं. त्याने सही करावी असं मला इतकं वाटत होतं की मी नकळत पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं, कागद यंत्रावर ठेवून काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि कागद परत दिला.

सहीची जागा रिकामी होती. तिच्या खाली, त्याला जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात, लिहिलं होतं: ‘नोंद घेतली.’